ताक गेलं कुठं, बाटली आली कुठून?



चिकलठाण्याहून शहरातल्या कॉलेजला जाणारी मुलगी सकाळी साडेसहाला घर सोडते. निघताना पोटात काय असतं? कपभर चहा, फार तर दोन बिस्किटं. दहा वाजता तास संपले की मैत्रिणींबरोबर टपरीवरचा कटिंग. दुपारी ऊन चढलं की वीस रुपयांची थंड बाटली, काळी नाहीतर लाल. डबा अर्धा खाल्लेला परत येतो, कारण बाटलीनं पोट भरल्यासारखं वाटतं. संध्याकाळी घरी आली की पुन्हा चहा. मग एक दिवस चक्कर येते, आई तिला मिनी घाटीत घेऊन जाते आणि डॉक्टर कागदावर रक्त कमी असल्याचं लिहून देतात.

आमच्या गटाच्या बैठकीत हा विषय निघाला की सगळ्या मावश्या एकच वाक्य बोलतात, "पोरी ऐकतच नाहीत, आमच्या वेळी असलं काही नव्हतं." मी इतिहास घेऊन बीए केलं. पेशवे, निजाम, मुक्तिसंग्राम सगळं पाठ केलं. पण आपल्या घरात चहा कधी आला आणि ताक कधी गेलं, हे कुठल्याच पेपरात विचारलं नव्हतं. म्हणून आज त्याबद्दल बोलते. पोरीच्या हातात जे आहे ते तिनं एकटीनं निवडलेलं नाही. ते तिच्या हातापर्यंत आणून ठेवणारे लोक होते, त्यांनी शंभर वर्षं त्यासाठी पैसा आणि डोकं खर्च केलं आहे.

सुरुवात ताकापासून करू. आपण सहज म्हणतो, ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस. या म्हणीतच एक जुना व्यवहार दडलेला आहे. ज्याच्या घरी दुभतं, त्याच्या घरी ताक घुसळायचं, आणि ज्याच्या घरी नाही तो भांडं घेऊन मागायला जायचा. ताक विकायचं नसे. ते मागायचं असे, म्हणून तर भांडं लपवावंसं वाटायचं.

ताक इतकं होतं तरी कुठून? दूध टिकत नाही. गाडी नाही, बर्फ नाही, मग खेड्यातलं दूध शहरात जाणार कसं? टिकतं ते तूप. म्हणून बाई दूध विरजायची, घुसळायची, लोणी कढवायची आणि तूप बाजारात जायचं. ताक मात्र दारातच राहायचं, कारण त्याला गिऱ्हाईक नव्हतं. त्याच ताकात ज्वारीचं पीठ शिजवून आंबील व्हायची. शेतावर जाताना तांब्याभर आंबील नेली की दुपारपर्यंत भूक लागायची नाही. हुलग्याचं माडगंही असंच, पिण्याचं आणि जेवणाचं एकच.

हे ऐकून जुना काळ सोन्याचा होता असं समजू नका. ताक कोणाच्या ओंजळीत वरून ओतायचं आणि कोणाला वाटीत द्यायचं, हे जात ठरवायची. रक्त आपल्या आज्यांचंही कमीच असायचं, फक्त ते मोजायला कोणी येत नव्हतं.

आता चहा. पुण्यात १८९० साली गोपाळराव जोशी नावाच्या गृहस्थांनी, म्हणजे आपल्या पहिल्या डॉक्टर आनंदीबाईंच्या नवऱ्यानं, शहरातली मोठी मंडळी पंचहौद मिशनमध्ये जमवली. न्यायमूर्ती रानडे होते, टिळकही होते. व्याख्यानानंतर मिशनच्या लोकांनी चहा-बिस्किटं पुढं केली. कोणी प्याले, कोणी नुसता कप हातात धरला. गोपाळरावांनी सगळ्यांची नावं वर्तमानपत्रात छापून आणली आणि पुण्यात वादळ उठलं. ख्रिस्ती माणसाच्या हातचा चहा घेतला म्हणून प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं आणि टिळक-रानड्यांसारख्यांना प्रायश्चित्त घ्यावं लागलं. रमाबाई रानड्यांनी आपल्या आठवणींत हा सगळा त्रास लिहून ठेवला आहे. घरातल्या बाईला अशा वेळी काय सोसावं लागतं ते वाचायचं असेल तर जरूर वाचा. एका कपावरून एवढं रामायण! तेव्हा चहा हे आपल्याकडचं रोजचं पेय नव्हतंच, साहेबाचं आणि साहेबी लोकांचं होतं.

मग तो खेड्यातल्या चुलीवर कसा आला? आसामात इंग्रजांनी चहाचे मळे लावले ते विलायतेला पाठवण्यासाठी. १९०३ साली सरकारनं कायदा करून निर्यातीच्या चहावर थोडा कर बसवला आणि त्यातून चहाच्या प्रचाराला पैसा उभा केला. हा कर मळेवाल्यांनी स्वतःच मागून घेतला होता. पुढं १९३० च्या आसपास जगभर मंदी आली, बाहेर चहाला भाव मिळेना, तेव्हा त्यांचं लक्ष आपल्याकडं वळलं. रेल्वे स्टेशनांवर चहा कसा करायचा याच्या चित्रांच्या पाट्या लागल्या, देशी भाषांत लिहिलेल्या. जत्रांत, बाजारांत माणसं चहाचा सरंजाम घेऊन उभी राहिली आणि फुकट कप वाटू लागली. गरिबाला परवडावीत म्हणून पैशाला एक अशी पुडकी निघाली. गिरण्यांत, कारखान्यांत मजुरांना चहाची सुट्टी मिळावी म्हणून मालकांची समजूत काढली गेली. आपल्या भागात हैदराबाद–मनमाड लोहमार्ग १९०० च्या सुमारास आला होता, आपलं चिकलठाणा स्टेशन त्याच मार्गावर आहे. रेल्वे जिथं गेली तिथं चहा गेला.

महात्मा गांधींनी पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कैदेत असताना आरोग्यावर एक छोटं पुस्तक लिहिलं. चहा, कॉफी, कोको यांची शरीराला गरज नाही असं त्यांनी त्यात स्पष्ट सांगितलं. पण गांधींचं ऐकून कोणी कप खाली ठेवला नाही. स्वातंत्र्यानंतर सीटीसीची बारीक दाणेदार भुकटी सगळीकडं मिळू लागली. चिमूटभर टाकली तरी कडक रंग येतो, स्वस्त पडते, दूध कमी असलं तरी चालतं. बस, चहा आपला झाला. पाहुणा आला की पाण्यानंतर चहा, सोयरीक ठरली की चहा. नवी सून चहा कसा करते यावर तिची परीक्षा होऊ लागली.

चहाच्या बाजूनं एक गोष्ट सांगितली पाहिजे, ती आपल्या शेजारची आहे. १९३४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर सहकाऱ्यांसोबत आपल्या दौलताबादचा किल्ला पाहायला आले होते. प्रवासाची धूळ धुवावी म्हणून त्यांनी दाराजवळच्या हौदावर हातपाय धुतले, तर हौद बाटवला म्हणून केवढा गोंधळ झाला! ही हकीकत त्यांनी स्वतः लिहिली आहे. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह त्याच्या सात वर्षं आधी, १९२७ सालीच झाला होता. त्याच बाबासाहेबांनी १९५० साली या शहरात कॉलेज काढलं, पुढं ते मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखलं गेलं. नागसेनवनात मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतली मुलं शिकायला येऊ लागली. ज्या पोराला गावच्या हॉटेलात वेगळ्या कपात चहा मिळायचा आणि तो कप स्वतः विसळून ठेवावा लागायचा, त्याच्यासाठी कॉलेजच्या कँटीनमध्ये बाकीच्यांबरोबर एकाच किटलीतला चहा पिणं म्हणजे काय असेल, विचार करा. गावांतल्या वेगळ्या कपबशा कायदा झाल्यावरही कित्येक वर्षं टिकल्या. बाबा आढावांना एक गाव एक पाणवठा ही चळवळ सत्तरच्या दशकात उभारावी लागली. म्हणून कोणी उठून म्हणालं, पोरांनी टपरीवर जाणं बंद करा, तर मला पटत नाही. एका कपाभोवती चार जातींची पोरं उभी राहतात, मुलीही उभ्या राहतात, याला किंमत आहे.

मग ताक कुठं गेलं? ते डेअरीच्या गाडीत बसून गेलं.

मुंबईची वस्ती वाढली, दूध कमी पडू लागलं, म्हणून १९४९ साली आरे कॉलनी सुरू झाली. पुढं सरकारी दूध योजना जिल्ह्याजिल्ह्यांत गेली. १९७० पासून देशभर दुधाचा महापूर योजना आली. आपल्याकडं जालना रोडवरचा दूध डेअरी चौक तुम्हाला माहीत आहे. आपल्या पोरी रोज बसनं तो चौक ओलांडून जातात. हे नाव त्याच काळातलं. गावात दूध संकलन केंद्र आलं, दूध थंड करायची सोय झाली, आणि आजवर जे विकता येत नव्हतं ते सकाळ-संध्याकाळ कॅन भरून जाऊ लागलं. तूप करायची गरज संपली. तूप नाही तर घुसळण नाही, आणि घुसळण नाही तर ताक नाही. रवी अडगळीत गेली, आता ती लग्नाच्या रुखवतात दिसते.

पैसा आला, हे खरं. दुधाच्या पगारावर कितीतरी घरांतली लेकरं शिकली. पण शेण काढायचं, वैरण टाकायची, धार काढायची ती बाईनं, आणि खातं बहुतेक घरांत मालकाच्या नावावर. घरासाठी मागं राहिलं ते अर्धा लिटर, तेही चहापुरतं. १९७२ च्या दुष्काळात ज्यांनी जनावरं विकली त्यांच्यातल्या काहींच्या दावणीला ती परत बांधलीच गेली नाहीत, असं आमच्या गटातल्या म्हाताऱ्या बायका सांगतात. त्या घरांत तर चहाच काय तो उरला, तोही कोरा.

आता थंड बाटल्या. आपल्या लहानपणी गोटी सोडा होता, लिंबू सोडा होता. बड्या कंपनीचा कोला भारतात १९५० साली आला. १९७७ साली जनता सरकारमध्ये उद्योगमंत्री असलेल्या जॉर्ज फर्नांडिसांनी त्या कंपनीला बजावलं, भागीदारी भारतीयांना द्या, नाहीतर जा. कंपनी गेली. सरकारनं स्वतःचा कोला काढला, त्याचं नाव सत्त्याहत्तर सालावरून ठेवलं. तो काही चालला नाही. त्याच साली मुंबईच्या पार्लेनं थम्स अप बाजारात आणलं, ते मात्र चाललं. १९९० मध्ये पेप्सी आली. १९९३ मध्ये कोका-कोला परत आली आणि तिनं थम्स अपसकट पार्लेच्या बाटल्याच विकत घेतल्या.

तरीही खेड्यात बाटली फक्त लग्नात दिसायची, आणि तीही वरपक्षाच्या पंगतीला. ती रोजची झाली २००३ च्या सुमारास. दोनशे मिलीची छोटी बाटली पाच रुपयांना मिळू लागली, सिनेनट टीव्हीवर गावठी बोलीत बोलू लागले. जुन्या पैशाच्या पुडक्याची युक्तीच ही, नव्या कपड्यात. शिवाय कंपन्यांनी दुकानदारांना काचेचे फ्रीज दिले. ज्या दुकानात स्वतःचा फ्रीज घ्यायची ऐपत नव्हती तिथंही लाल-निळा दिवा लागला. आणि अशा फ्रीजमध्ये ताकाला जागा कोण देणार?

त्याच वर्षी दिल्लीच्या सुनीता नारायण यांच्या संस्थेनं बारा ब्रँडच्या बाटल्या तपासल्या आणि त्यांत कीटकनाशकांचे अंश असल्याचं जाहीर केलं. संसदेत गदारोळ झाला, शरद पवारांच्या अध्यक्षतेखाली संयुक्त समिती बसली आणि २००४ मध्ये समितीनंही ते निष्कर्ष मान्य केले. थोडे दिवस खप घसरला. पुढं लोक विसरले. माझ्या मते तेव्हा आपलं लक्ष चुकीच्या गोष्टीकडं गेलं. फवाऱ्याचे अंश बातमीत आले आणि साखर मात्र बातमीतून सुटली.

साखरेचा हिशेब सोपा आहे. बाटलीच्या मागं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, पोरीलाच वाचून दाखवायला सांगा. साधारण १०० मिलीला १० ते ११ ग्रॅम. म्हणजे २५० मिलीत २५ ग्रॅमच्या वर, पाच चहाचे चमचे. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, मोठ्या माणसानं दिवसाला वरची साखर ५० ग्रॅमच्या आत ठेवावी, २५ च्या आत ठेवली तर अधिक बरं. एका बाटलीत ते २५ संपले, आणि चहा तर अजून मोजलाच नाही. बदल्यात काय मिळालं? प्रथिनं शून्य, कॅल्शियम नाही, लोह नाही. ग्लासभर गाईच्या दुधात सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं आणि दोनशेच्या वर मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. ताक पातळ, त्यात त्याहून कमी, पण मुळीच नाही असं नाही, आणि साखर वरून घातलेली नसते.

लाल बाटली ही एनर्जी ड्रिंकची. तिच्यातली तरतरी कॅफिनची. आपल्या देशाच्या नियमाप्रमाणं अशा पेयांत लिटरला १४५ ते ३०० मिलिग्रॅम कॅफिन असतं, आणि लहान मुलं, गरोदर व अंगावर पाजणाऱ्या बायकांनी ते घेऊ नये असं बाटलीवर छापणं बंधनकारक आहे. परीक्षेच्या दिवसांत पोरं रात्री जागायला हीच पितात. झोप गेली की सकाळी भूक नाही, भूक नाही की पुन्हा चहा.

रक्ताचं मुद्दाम शेवटी ठेवलं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९–२१ च्या फेरीत महाराष्ट्रात १५ ते १९ वयाच्या शंभर मुलींमागं सुमारे ५७ जणींच्या अंगात रक्त कमी आढळलं. आधीच्या फेरीत हा आकडा पन्नासच्या आसपास होता. म्हणजे वाढला. याचं सगळं खापर चहावर फोडणं बरोबर नाही. ताटात भाजी-डाळ कमी, पाळीत रक्त जातं, जंत असतात, आणि घरात सगळ्यांचं झाल्यावर जेवायची आपली जुनी सवय. पण चहातला तुरटपणा ज्यामुळं येतो तेच घटक भाकरी-भाजीतलं लोह शरीराला घेऊ देत नाहीत. म्हणून हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये सांगितलं की जेवणाआधी आणि जेवणानंतर तासभर चहा-कॉफी घेऊ नये. आपण तर चपातीच चहात बुडवून खातो! उलट लिंबू पिळलं तर लोह चांगलं अंगी लागतं. म्हणजे कॉलेजच्या दारात चहाऐवजी लिंबू सरबत मिळालं, थोड्या साखरेचं, तरी डब्यातल्या मेथीचं चीज होईल. शाळेत होत्या तोवर आठवड्याची लोहाची निळी गोळी तरी मिळायची. कॉलेजात गेल्या की ती कोण देतं, हे तुमच्या पोरींना विचारून बघा.

आणखी एक, ज्याबद्दल पुरुषांसमोर बोललं जात नाही. पुष्कळ मुली कॉलेजात पाणीच पीत नाहीत, कारण संडास जाण्यासारखा नसतो. दिवसभर घोट घोट बाटली पुरवायची आणि घरी येऊन मोकळं व्हायचं. मलिक अंबरानं चारशे वर्षांपूर्वी नहरींतून या शहरात पाणी खेळवलं. आज त्याच शहरात नळाला कित्येक दिवसांनी पाणी येतं आणि पोरी पाणी विकत घेतात, नाहीतर तहान मारतात. पाण्याची बाटली आणि कोल्ड्रिंक यांत दहा-वीस रुपयांचाच फरक असेल तर पोरगी कशाला हात घालेल?

चहावाले फुकट कप घेऊन जत्रेत उभे राहिले, कोलावाले फ्रीज घेऊन दुकानात गेले. ताक घेऊन कॉलेजच्या फाटकापर्यंत आजवर कोणीच गेलं नाही, आणि आपण पोरीलाच म्हणतो, तू ताक का पीत नाहीस. कुठं मिळतं ते तिनं प्यावं?

आमच्या गटात याचा हिशेब मांडला आहे. एक लिटर दह्याचं साडेतीन-चार लिटर ताक होतं, म्हणजे दोनशे मिलीचे अठरा-वीस ग्लास. ग्लास दहा रुपयांना दिला तर १८० ते २०० रुपये. त्यातून दही, जिरं, मीठ, कोथिंबीर, बर्फ आणि येण्या-जाण्याचं भाडं वजा करा. बर्फ पिण्याच्या पाण्याचाच हवा, मासळीवाल्याकडचा चालणार नाही. अन्न परवान्याची साधी नोंदणी वर्षाला शंभर रुपयांत होते, ती गटाच्या नावानं करता येते. पाच लिटर दही रोज खपलं तर दोघी-तिघींची मजुरी सुटते, न खपलं तर उरलेल्याची कढी. जागेसाठी महापालिकेत आणि कॉलेजच्या प्राचार्यांकडं अर्ज द्यावा लागेल, तो लिहून तयार आहे. मोठा माठ एका मावशींनी देऊ केला आहे. सकाळी सातला फाटकावर पोचायचं तर पहाटे पाचला घुसळायला बसावं लागेल. त्याला दोघींनी हात वर केला आहे, तिसरी अजून मिळायची आहे.